गेट नंबर तीन

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी लिहिणार. कारण गंभीर आहे. मागच्या जुन्या गोदामांच्या जागेवर फुटबॉलचं स्टेडियम होतंय. बावीस हजार खुर्च्या. सकाळी दारात पत्रक पडलं होतं. गुळगुळीत कागद, वर हसणाऱ्या लोकांची चित्रं. एकाही चित्रात गाडी नाही. बावीस हजार माणसं काय उडत येणार?

नकाशा भिंगातून पाहिला. गेट नंबर तीन सरळ आमच्या रस्त्यावर उघडतं. माझ्या खिडकीपासून साठ पावलं. चालून मोजली, बासष्ट भरली. गुडघ्यामुळे दोन जास्त.

बत्तीस वर्षं मी बस डेपोत कंट्रोलर होतो. कोणती बस कधी सुटली, कधी पोचली, हे लिहिण्यात हयात गेली. या रस्त्याची नाडी माझ्याइतकी कोणाला कळत नाही. तेव्हा हा लढा माझ्यावरच येणार. मी काही पुढेपुढे करत नाही.

संकल्प: पाचला उठणे. चहा बिनसाखरेचा. बोलणं कमी, आकडे जास्त. लेकीला आपणहून फोन न करणे. ती कामात असते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सव्वासातला उठलो. लढा लांबचा आहे, शक्ती राखून ठेवलेली बरी.

समिती स्थापन झाली. वरच्या मजल्यावरच्या बाई, कोपऱ्यावरचा लॉन्ड्रीवाला आणि मी. बाई मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्या, पण ते त्यांना अजून कोणी कळवलेलं दिसत नाही. नाव ठरलं 'संयुक्त रहिवासी वाहतूक बचाव व प्रवेश हक्क समिती'. बाई म्हणाल्या, समितीपेक्षा नाव मोठं झालंय. मी म्हटलं, माणसं वाढतील. लॉन्ड्रीवाल्यानं विचारलं, अध्यक्ष कोण? कोणीच बोलेना, म्हणून नाइलाजानं मी झालो.

चहात साखर घातली. अर्धाच चमचा. दोनदा.

८ फेब्रुवारी, शनिवार

हरकतीचा अर्ज लिहून झाला. अकरा पानं, अकरा मुद्दे. आवाज, पार्किंग, सिग्नलची वेळ, सगळं आलं. पण सगळ्यांत जोरदार मुद्दा सातवा, ॲम्ब्युलन्सचा. सव्वादोन वर्षांपूर्वी माझी बायको हार्ट अटॅकनं गेली. स्टेडियम नसताना, साध्या मंगळवारी संध्याकाळी, ॲम्ब्युलन्सला यायला पंचवीस मिनिटं लागली. कारण ट्रॅफिक. मग स्टेडियम झाल्यावर काय होईल? वाचताना कोणाच्याही डोळ्यांत पाणी येईल. माझ्याही आलं. पण मला सर्दी आहे.

शुद्धलेखनासाठी अर्ज बाईंकडे दिला. लाल पेनानं त्रेपन्न चुका काढल्या. सातव्या मुद्द्यावर मात्र एकही खूण नाही. एवढंच म्हणाल्या की हा मुद्दा नसला तरी अर्ज उभा राहील. बाईंना भावनेतलं कळत नाही. आयुष्य हजेरीपटात गेलं.

९ फेब्रुवारी, रविवार

मोजणी सुरू. खिडकीत खुर्ची, हातात मोजणीचं बटण, मांडीवर वही. खरी गर्दी संध्याकाळी पाच ते साडेसात. तरी तुलनेसाठी आज सकाळी अकरा ते एक मोजली. मोटारी २१४, स्कूटरी ३३०, टेम्पो ९. निळ्या मोटारी १९. निळ्या वेगळ्या का, तर नमुना म्हणून. शास्त्रात असं करतात. लेकीची गाडी निळी आहे, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला. दर रविवारी येतो, चार मिनिटं. नदीपलीकडे राहते, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. आई गेल्यापासून तीनदा येऊन गेली. तिचा दोष नाही, रविवारी पुलावर फार गर्दी असते. स्टेडियम झालं तर एवढंही यायला जमणार नाही, हे मी तिला नीट समजावलं. सातवा मुद्दा वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. भरून आलं असावं. मग म्हणाली, बाबा, ठेवते, गिऱ्हाईक आलंय.

रविवारी तिचं दुकान बंद असतं अशी माझी समजूत होती. वेळा बदलल्या असतील.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

समोरच्या खांबावर कॅमेरा लागला. स्टेडियमवाल्यांसाठी ट्रॅफिकचा रिपोर्ट करणाऱ्या कंपनीचा. लावायला एक मुलगी आली होती, साधारण माझ्या लेकीच्या वयाची. मी बाहेर जाऊन तिला सांगितलं की कॅमेऱ्याला काय कळतंय, डोळा पाहिजे. ती म्हणाली, बरोबर आहे. मला भांडायचं होतं, पण समोरून सहकार्यच नाही.

तिला वही दाखवली. मन लावून पाहिली. मग विचारलं, सहा दहा ते सहा पन्नास दर मिनिटाला बरोबर अकरा गाड्या कशा? मी म्हटलं, सरासरी. (त्या वेळात डोळा लागला होता. पण गाड्या काही माझ्यासाठी थांबल्या नसणार.) ती म्हणाली, काका, सरासरी इतकी सरळ नसते.

अर्जाची प्रतही तिला दिली. जाताना तिनं सातव्या मुद्द्याचं विचारलं. तारीख काय होती? ॲम्ब्युलन्सवाल्यांकडे नोंद असते, काढून बघते. मी म्हटलं, तारीख कशी विसरेन, पंधरा नोव्हेंबर. वेळ? संध्याकाळची, म्हटलं. सातच्या पुढे.

कॅमेरावाली मुलगी सज्जन वाटते. चुकीच्या बाजूला आहे, एवढंच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फलक छापून आला. 'स्टेडियमला आमचा ठाम विरोध' असं लिहून दिलं होतं. छापून आलं, 'स्टेडियमला आमचा थांब विरोध'. बाईंनी चष्मा काढला आणि जिना चढून गेल्या. लॉन्ड्रीवाला म्हणाला, राहू दे, गाड्या तरी थांबतील. तसाच लावला. दुपारपर्यंत दोन गाड्या खरंच थांबल्या. पत्ता विचारायला.

आज पावणेसातला उठलो. प्रगती आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

रस्त्यावर कोपरा सभा. हजर अठरा, त्यातले सात इस्त्रीचे कपडे घ्यायला आलेले. छान बोललो. ॲम्ब्युलन्सला चाळीस मिनिटं लागली, हे सांगितल्यावर कपडे घेऊन निघालेलेही थांबले. एका बाईनं पदर डोळ्याला लावला.

सभा संपल्यावर वरच्या बाई म्हणाल्या, अर्जात पंचवीस आहेत. मी म्हटलं, अर्जात आकडा कमी धरलाय, अतिशयोक्ती नको म्हणून. त्या जिन्याकडे निघाल्या. मग जिन्यात थांबून म्हणाल्या, त्या दिवशी मी घरीच होते हो. सायरन ऐकला मी. त्यांना नेमकं काय सुचवायचं होतं कोण जाणे. वय झालं की माणूस अर्धवट बोलतो.

२ मार्च, रविवार

फोन आला. जाहीर सुनावणी अठरा तारखेला आहे, हे लेकीला सांगितलं. मी बोलणार आहे, तू आलीस तर बरं वाटेल, असंही म्हटलं. हे म्हणायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं. तिनं विचारलं, तो सातवा मुद्दा अजून आहे का? म्हटलं, आहे म्हणजे काय, आणखी पक्का केलाय. म्हणाली, येते.

येते म्हणाली. मी काहीच आग्रह न करता.

आता कळेल तिला बाप काय आहे ते. तिची खोली झाडून घेतली. पलंगावर जुनी वर्तमानपत्रं साठली होती, ती हिच्या कपाटात ठेवायला गेलो. कपाट उघडून परत लावून टाकलं. जागा नव्हती. वर्तमानपत्रं स्वयंपाकघरात ठेवली.

६ मार्च, गुरुवार

लॉन्ड्रीवाला समितीतून फुटला. स्टेडियम बांधणाऱ्या फुटबॉल क्लबच्या खेळाडूंचे शर्ट धुवायचं काम त्याला मिळणार म्हणे. फलकावर 'थांब' होतं तेव्हाच ओळखायला हवं होतं. तो म्हणाला, काका, विरोध मनापासून आहे, पण अंगावरचे कपडे कोणी ना कोणी धुणारच. आता समितीत दोघं. निर्णय झटपट होतील.

११ मार्च, मंगळवार

कॅमेरावाली घरी आली. फाटकातून हाक मारून, चपला बाहेर काढून. बसली, पण खुर्चीच्या कडेवर. पिशवीतून एक कागद काढला आणि लगेच दिला नाही. म्हणाली, काका, हे मी तुम्हाला आधी दाखवायला आले, कारण क्लबच्या वकिलाकडेही हा कागद आहे. सुनावणीत तो वाचणार. तुम्ही सातवा मुद्दा काढून टाका. बाकीचे दहा चांगले आहेत. गेट नंबर तीनबद्दल तुमचं खरं आहे, माझ्या रिपोर्टमध्येही तेच येणार आहे.

कागदावर लिहिलं होतं: पंधरा नोव्हेंबर, फोन आला ७.३८, ॲम्ब्युलन्स दारात ७.४७.

मी तिला सांगितलं की रेकॉर्ड चुकतात. बत्तीस वर्षं मी रेकॉर्ड लिहिलंय, ते कसे चुकतात ते मला विचारा. तिनं मान डोलावली. मग अगदी हळू विचारलं, फोन करण्याच्या आधीचा वेळ तुम्ही धरताय का काका?

मी म्हटलं, चहा घ्या. ती नको म्हणाली.

कागद ठेवून गेली. नंतर भिंगानं पाहिला. फोन करणाऱ्याचा नंबरही छापलाय. तो माझा नाही. म्हणजे केसच दुसऱ्या कोणाची. ध चा मा झालेला आहे, दुसरं काही नाही. नंबर ओळखीचा वाटतो, पण हल्ली सगळेच नंबर सारखे वाटतात.

कागद गादीखाली ठेवला. बाहेर राहिला तर उडून जाईल.

१५ मार्च, शनिवार

आरशासमोर भाषणाची तालीम. तीन मिनिटं मिळणार, माझं चौदा मिनिटांचं होतंय. पहिले सहा मुद्दे काढून टाकले. सातवा ठेवला. पाऊण तास म्हणायचं ठरवलं. चाळीस मिनिटं म्हटलं की माणूस घड्याळ लावून बसला होता असं वाटतं. पाऊण तास कसं सहज येतं तोंडात.

पाचला उठलो. खरं म्हणजे झोपलो नव्हतो. पण पाचला उठलो होतो.

१८ मार्च, मंगळवार. दुपारी चार

सुनावणी झाली. जसं झालं तसं लिहितो.

पालिकेचा मोठा हॉल. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. लेक वेळेवर आली, मागच्या रांगेत बसली. केस कापलेत, हिच्यासारखी दिसते आता. मी पुढून हात केला. तिनंही केला.

माझं नाव पुकारलं. चांगलं बोललो. पाऊण तास म्हटलं तेव्हा आवाज कापला, ठरवलं नसताना. अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. मग क्लबचा वकील उठला. उर्मट असता तर बरं झालं असतं. म्हणाला, यांच्या दुःखाबद्दल आदर आहे, पण नोंद वेगळी आहे. आणि वाचली. सात अडतीस. सात सत्तेचाळीस. नऊ मिनिटं.

मी उठून म्हणालो की नोंद दुसऱ्या कोणाची आहे, नंबर आमच्या घरचा नाही.

अधिकारी बाईंनी विचारलं, यावर आणखी कोणाला बोलायचंय का? मागे खुर्ची सरकली. मला वाटलं, आली मदतीला. पोटचं पोर शेवटी.

ती माइकपाशी आली. माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, तो नंबर माझा आहे. मी मुलगी. फोन मी केला होता, माझ्या घरून. ॲम्ब्युलन्स नऊ मिनिटांत पोचली. येणाऱ्या दोघांनी जिवाचं रान केलं, मी नंतर त्यांना भेटून आले होते. आमच्या रस्त्यावर त्यांच्या नावानं उशिराचं बोललं जातंय, ते खोटं आहे, एवढं लिहून घ्या. मग थांबली. जाईल असं वाटलं, पण परत बोलली. म्हणाली, आणि त्या रस्त्यावर गेट नको. नऊ मिनिटं नऊच राहिली पाहिजेत. उद्या तिथं कोणीतरी वेळेवर फोन करेल.

वेळेवर, म्हणाली.

बाहेर पायऱ्यांवर मी तिला गाठलं. म्हटलं, खोली झाडून ठेवलीय. ती म्हणाली, बाबा, सव्वादोन वर्षं मी वाट बघतेय तुम्ही कधीतरी बोलाल म्हणून. मी विचारलं, काय बोलायचं? तिनं माझी कॉलर नीट केली, एका बाजूला वळली होती. म्हणाली, काही नाही. आणि गेली.

दमली असणार. पाचनंतर पुलावर गर्दी होते, म्हणून घाई.

१९ मार्च, बुधवार

लिहिण्यासारखं काही नाही. मोजणी केली नाही. गुडघा.

२३ मार्च, रविवार

फोन नाही. नेटवर्कचा काहीतरी घोटाळा असेल. दुपारी बाईंकडून माझ्याच नंबरवर फोन करून घेतला. वाजला. बाईंनी नंतर वरून भाजी पाठवली.

३० मार्च, रविवार

फोन नाही. पुलावर गर्दी असेल. फोनला पूल लागत नाही, हे खरं.

४ एप्रिल, शुक्रवार

निकाल आला. स्टेडियम मंजूर. गेट नंबर तीन रद्द. तिथं एक अरुंद वाट राहणार, फक्त ॲम्ब्युलन्स आणि आगीच्या बंबासाठी, मॅचच्या दिवशीही मोकळी. कारण म्हणून लिहिलंय, 'सध्याची नऊ मिनिटांची वेळ कायम राहणे आवश्यक'.

लॉन्ड्रीवाला हार घेऊन आला. म्हणाला, मी बाहेरून पाठिंबा देत होतो. रस्त्यातले आठ-दहा जण जमले. दोन शब्द बोला, म्हणाले. उभा राहिलो. अध्यक्ष या नात्यानं, असं म्हटलं आणि पुढचं काही येईना. त्यांना वाटलं, बायकोची आठवण आली. टाळ्या वाजवल्या.

बाई जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी वाजवल्या नाहीत. हार काढून मी त्यांच्या हातात दिला. त्या म्हणाल्या, जेवलात का? नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, त्या दिवशी सायरन ऐकून मी खाली धावत आले, तेव्हा तुम्ही दारात घड्याळ बघत उभे होतात. मी म्हटलं, हो.

हो म्हणालो, याचं मलाच नवल वाटलं.

६ एप्रिल, रविवार. सकाळी दहा

त्या मंगळवारची नोंद. कधी केलीच नव्हती.

६.५५ ही म्हणाली, छातीत जड वाटतंय. मी बातम्या ऐकत होतो. ॲसिडिटी असेल म्हणालो.

७.०५ सोड्याचं पाणी दिलं. प्यायली. बरं वाटतंय म्हणाली. वाटत नव्हतं. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली.

७.१५ कपाळावर घाम. म्हणाली, दवाखान्यात जाऊ या का हो. मी म्हटलं, आत्ता निघालो तर चौकात अडकू. साडेसातनंतर रस्ता मोकळा होतो, तेव्हा जाऊ. ती म्हणाली, तुम्हाला कळतं त्यातलं.

७.२० मी खिडकीत जाऊन रस्ता पाहिला. मोकळा होता. इतका मोकळा असेल असं वाटलं नव्हतं. तरी साडेसात म्हणालो होतो, म्हणून थांबलो. आत घाबरलो होतो. दवाखान्यात गेलं की ते काहीतरी मोठं सांगतील, असं वाटत होतं. घरी होतो तोवर ती ॲसिडिटी होती.

७.३६ लेकीचा फोन, सहजच. हिनंच उचलला. आवाज ऐकून लेक काय ते समजली.

७.३८ आणि ७.४७ कागदावर आहेत. ते बरोबर आहेत.

दुपारी एक

संकल्प मोडला. लेकीला आपणहून फोन केला. म्हटलं, तुला जे ऐकायचं होतं ते लिहिलंय, वाचून दाखवू का? ती म्हणाली, वाचा. वाचलं. मध्ये कुठं थांबलो नाही. मनात होतं की खरं सांगितलं की ती रडेल, मीही रडेन, आणि मग पुढच्या रविवारपासून येत जाईल. असंच काहीसं गेल्या दोन दिवसांत ठरवून टाकलं होतं.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, आईनं स्वतः विचारलं होतं? जाऊ या का म्हणून?

म्हटलं, हो. सव्वासातला.

तिला हे माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, मला दुखणं ओळखता आलं नाही, म्हणून उशीर झाला. एवढंच मी कधीतरी कबूल करावं, यासाठी ती थांबली होती. हे त्याहून निराळं निघालं.

तिनं फोन ठेवला नाही. तिच्याकडे कोणीतरी भांडी घासत होतं, जावई असतील. नळ बंद झाला. त्यांनी काहीतरी विचारलं, तिनं त्यांना काही नाही म्हणून सांगितलं.

मग म्हणाली, बाबा, ठेवते.

मी म्हटलं, बरं.